दोनशे चाळीस गुंडाळ्या

आमच्या पंपांच्या कारखान्यातून ड्रॉइंगं चोरीला जातायत, असा संशय मला बुधवारी आला आणि शुक्रवारी मी चोर पकडला. चोराला मी रोज सकाळी डबा भरून देत होते.

आधी ड्रॉइंगांचं सांगते. आमच्या कारखान्यात नवे पंप कमी बनतात, जुन्यांची दुरुस्तीच जास्त. तीस वर्षांपूर्वी विकलेला पंप कुठेतरी अजून इमानेइतबारे पाणी ओढत असतो. एक दिवस त्याचा एखादा भाग मोडतो, माणूस तो मोडका भाग पिशवीत घालून आमच्या गेटवर येतो, आणि वर्कशॉपमधले मिस्त्री त्या पंपाचं ड्रॉइंग बघून तसाच नवा भाग करून देतात. अशी ड्रॉइंगं आहेत दोनशे चाळीस. पूर्वी ती ड्रॉइंगच्या खोलीत एका अवाढव्य लोखंडी कपाटात असायची. चोवीस सपाट खण, दर खणात दहा. त्यांच्या राखणीला माझे सासरे. छत्तीस वर्षं राखली, आणि त्यातली निम्मीअधिक त्यांनी स्वतःच्या हातानं काढलेली.

मग सगळी ड्रॉइंगं स्कॅन होऊन कॉम्प्युटरवर गेली, कागद गोदामात गेले आणि कपाट भंगारात गेलं. सासरे निवृत्त झाले ते नुसते कागदोपत्री. जुने मालक सांगून गेले होते, "ही खोली आहे तोवर यांची खुर्ची इथेच." त्यामुळे ते रोज साडेनऊला खोलीत हजर असायचे. कुणी काही विचारलं तर सांगायचे, नाही विचारलं तरी सांगायचे.

मी त्याच कारखान्यात कॉम्प्युटरचं बघते. आले होते टायपिंगला. कॉम्प्युटरचे इंजिनिअर दुसरीकडे गेले तेव्हा पासवर्ड लिहिलेली वही माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, काही नसतं हो यात. अडलंच तर बंद करून चालू करा." पुढची आठ वर्षं मी त्यांचं पहिलं वाक्य खोटं ठरवण्यात आणि दुसरं पाळण्यात घालवली. बाकीचं मी वाचून, विचारून आणि बिघडवून शिकले. बिघडवून जास्त.

तर त्या मंगळवारी नव्या मॅनेजरबाई वर्कशॉपमध्ये उभ्या होत्या आणि मिस्त्री त्यांना पडद्याकडे बोट करून दाखवत होते. पडद्यावर एक ड्रॉइंग वरून खाली, पट्टी पट्टीनं, लाजत लाजत उतरत होतं.

"बघा मॅडम," मिस्त्री म्हणाले. "चहा सांगितला की चहा येतो. ड्रॉइंग सांगितलं की चहा संपतो."

मॅनेजरबाईंनी घड्याळ बघितलं. "पंधरा सेकंद." मग माझ्याकडे वळल्या. "ताई, सोमवारी सकाळी दहाला मी येते. माझ्या मनानं दहा ड्रॉइंगं सांगेन, कुठल्याही खणातली. प्रत्येक पाच सेकंदांच्या आत उघडायला हवं. नाही उघडलं तर ही ड्रॉइंगं बाहेरच्या कंपनीकडे ठेवायला देऊ, त्यांचं मशीन, त्यांची डोकेदुखी. ड्रॉइंगची खोली मग पॅकिंगला लागेल."

वाईट बाई नाहीत त्या. नुसत्या झरझर बोलतात. खोलीत एक खुर्चीही आहे, हे त्यांच्या बोलण्याच्या वेगात मागे राहून गेलं.

घरी मी ते सांगितलं तेव्हा सासरे वर्तमानपत्र वाचत होते. "मग मी कुठे बसायचं?" एवढंच त्यांनी विचारलं, तेही पान उलटता उलटता. पान मात्र त्यांनी उलटं उलटलं आणि पहिल्या पानावरची बातमी पुन्हा वाचायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना धरलं. "नक्की कधी हळू चालतं? सगळं सांगा."

"सकाळी मरगळलेलं असतं वहिनी. दुपारपर्यंत जरा तरतरी येते. तेच तेच ड्रॉइंग मागितलं की पटकन देतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओळख विसरतं." मग जरा जवळ येऊन म्हणाले, "आणि एक गंमत सांगू? चोवीस नंबरचा खण कधीही उघडा, झटक्यात. त्यातला पंप दहा वर्षांत कुणी मागितला नाही."

"मग तुम्ही कशाला उघडलात?"

"बोट घसरलं."

माझ्या डोक्यात तेव्हाच किडा वळवळला. कॉम्प्युटर डिस्कवरून एकदा वाचलेली वस्तू लगेच टाकून देत नाही, मेमरीत हाताशी ठेवतो. पुन्हा मागितली की डिस्ककडे जायला नको. आमची डिस्क म्हातारी, शिवाय अख्ख्या कारखान्याची कामं तिच्याच माथी, त्यामुळे तिच्याकडून काही आणायचं म्हणजे पंधरा सेकंद. मेमरीतून आणायचं तर चुटकीसरशी. म्हणजे चोवीस नंबरचा खण झटक्यात उघडतो, याचा अर्थ तो नुकताच कुणीतरी उघडलेला असतो. कोण?

मी मशीनमधल्या नोंदी काढून बघितल्या. रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांपासून नऊ वाजून दहापर्यंत, कारखाना सुरू व्हायच्या आधी, कुणीतरी पहिल्या ड्रॉइंगपासून दोनशे चाळिसाव्यापर्यंत सगळी ड्रॉइंगं उघडत होतं. ओळीनं. एकही न गाळता. एका ड्रॉइंगला पंधरा सेकंद. आणि तेही ड्रॉइंगच्या खोलीतल्याच कॉम्प्युटरवरून.

आपला अख्खा खजिना कुणीतरी रोज फोटो काढून नेतंय! मी कुणाला बोलले नाही. वॉचमनलाही विचारलं नाही. गेट तोच उघडतो, तोही सामील असेल. घरी तर अवाक्षर काढलं नाही. सासऱ्यांना धक्का बसला असता. शिवाय ते सकाळी साडेसातलाच बाहेर पडायचे. डॉक्टरांनी साखरेसाठी रोज तासभर चालायला सांगितलं होतं, म्हणून ते डबा घेऊनच निघायचे, चालून झालं की परस्पर कारखान्यात. सासूबाईंना त्याचं फार कौतुक. त्यांनी खास बूट आणून दिले होते. "सात महिने झाले, रोज तासभर चालतात," त्या शेजारणीला सांगायच्या, "पण तळ बघा बुटाचा, जसाच्या तसा. कंपनी चांगली आहे."

शुक्रवारी मी पावणेआठला कारखान्यात जाऊन ड्रॉइंगच्या खोलीतल्या झेरॉक्स मशीनच्या मागे दबा धरून बसले. हातात लोखंडी फूटपट्टी. आठला दार उघडलं, दिवा लागला, खुर्ची करकरली. मी पाच मिनिटं थांबले, मग पट्टी उगारून पुढे सरकले.

"लपायचं असेल तर पट्टी खाली धर," खुर्चीतून आवाज आला. "काचेत दिसतेय."

पडद्यासमोर माझे सासरे. चष्मा कपाळावर, डबा शेजारी, आणि पडद्यावर पहिल्या खणातलं पहिलं ड्रॉइंग हळूहळू उतरतंय.

"बाबा! तुम्ही?"

"मग कोण असणार? खोली माझी आहे."

"रोज?"

"रोज."

"आणि फिरायला जाता ते?"

"घरून निघून इथे येतो की नाही? तेच फिरणं."

"तुम्ही बसनं येता, बाबा."

"थांब्यापर्यंत चालतो," ते म्हणाले आणि पुढच्या ड्रॉइंगचं बटण दाबलं.

मी फूटपट्टी ठेवली आणि स्टूल ओढून बसले. हळूहळू सगळं कळलं. कागदाची ड्रॉइंगं होती तेव्हा ते रोज सकाळी चोवीसच्या चोवीस खण ओढून हवा लागू देत. ओल धरू नये म्हणून. छत्तीस वर्षांत एक दिवस खंड नाही. कपाट गेलं, पण पडद्यावर "खण १" ते "खण २४" अशी नावं तशीच होती. मग ते तेच खण उघडू लागले.

"अहो, पण या ड्रॉइंगांना ओल कशी धरेल?"

"मला काय शिकवतेस? ओल धरत नाही हे मला कळतं. पण उघडून बघितल्याशिवाय वस्तू जागेवर आहे की नाही हे कसं समजणार?"

 पण सांगणं भाग होतं.

"बाबा, तुमचं ते मोठं टेबल आठवतं? कपाटातून ड्रॉइंग काढून तुम्ही त्यावर पसरायचात. टेबल भरलं की?"

"की सगळ्यात आधीचं उचलायचं, नवं पसरायचं."

"तसंच आहे. डिस्क म्हणजे कपाट, मेमरी म्हणजे टेबल. आपल्या टेबलावर पसरून ऐंशी ड्रॉइंगं मावतात. तुम्ही सकाळी येऊन दोनशे चाळीस काढता. शेवटी टेबलावर काय उरतं?"

"शेवटची ऐंशी." छत्तीस वर्षं खण सांभाळलेला माणूस, हिशोबाला वेळ लागला नाही. "सतरा ते चोवीस खण."

"ते कोण मागतं?"

 ते म्हणाले, "कुणी नाही. मिस्त्री मागतो तीन आणि सहा."

"ते काल संध्याकाळी टेबलावर होते."

"आणि मी आज सकाळी उचलले." त्यांनी चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला, काच पुसली, पुन्हा पुसली. "म्हणजे माझी खुर्ची मीच ओढतोय खालून."

"तसं नाही हो बाबा."

"तसंच आहे. उगाच गोड बोलू नकोस, सवय नाही मला."

त्यांनी तिथेच फेरी थांबवली. दुसऱ्या खणातल्या चौथ्या ड्रॉइंगवर. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. मॅनेजरबाई कुठल्याही खणातलं मागणार होत्या, आणि टेबलावर ऐंशीच मावत होती. टेबल मोठं करावं तर मशीन इतकं जुनं की त्यात आणखी मेमरी बसवायला जागाच नाही.

शनिवारी सकाळी साडेसात वाजून गेले तरी सासरे घरात. सासूबाईंनी घड्याळाकडे बघितलं. "आज फिरायला नाही?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं. ते मुकाट्यानं बूट घालून बाहेर पडले आणि बारा मिनिटांत परत आले. दारात वाकून गुडघे धरले आणि धापा टाकत राहिले.

"रोज तासभर चालता ना?" सासूबाई म्हणाल्या.

"आज... वेगानं गेलो."

"हं." त्या "हं"मध्ये बरंच काही होतं. "उद्यापासून मी येते बरोबर. बघू तरी कुठल्या वेगानं जाता."

सासरे टेबलाशी येऊन बसले, चहा ओढून घेतला आणि बायकोकडचा मोर्चा माझ्याकडे वळवला. "काल दिवसभर विचार करतोय. तू सगळी पसरून कशाला ठेवतेस?"

"काय पसरून?"

"ड्रॉइंगं. पसरली तर चारच मावणार टेबलावर. घाईचे दिवस असले की आम्ही टेबलावर चाळीस-चाळीस ठेवायचो. गुंडाळी करून, पत्र्याच्या डब्यात उभी. हवी ती सोडायची, बघायची, पुन्हा गुंडाळायची. कपाटापर्यंत जाऊन खण ओढण्यात वेळ जातो, गुंडाळी सोडायला असा किती लागतो?"

मी कप खाली ठेवला. बशीत नाही, टेबलावर, आणि सासूबाईंनी ते पाहिलं.

कारण डिस्कवर आमची ड्रॉइंगं गुंडाळूनच ठेवलेली आहेत. कमी जागेत मावावीत म्हणून ती दाबून, घड्या घालून साठवायची सोय फाइल सिस्टिममध्ये असते. सगळी मिळून अकरा जीबी. मेमरीत आणताना मात्र आमचं मशीन ती पूर्ण उलगडून ठेवायचं, मग तीच छत्तीस जीबी व्हायची. टेबल बाराचं. म्हणून मावायची जेमतेम एक-तृतीयांश. पण डिस्कवर जशी गुंडाळलेली आहेत तशीच मेमरीत ठेवा आणि कुणी मागितलं की तेव्हाच उलगडा, अशीही एक सोय असते. मूळची चालूच असते. आमच्याकडे ती बंद होती. इंजिनिअरांच्या वहीत पान सातवर ओळ होती: "गुंडाळी बंद, वेग वाढावा म्हणून." रोज उलगडायचे कष्ट वाचावेत, असा त्यांचा विचार. ती ओळ मी आठ वर्षं मनोभावे पाळली, एकदाही विचारलं नाही की बाई गं, उलगडायला एक सेकंद आणि डिस्ककडे जायला पंधरा, तर नक्की काय वाचलं?

"बाबा," मी म्हटलं, "सगळी मावतात. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस."

"मी तेच म्हणतोय."

"आधी नाही का म्हणायचं?"

"आधी विचारलंस का?"

शनिवारचा अर्धा दिवस मिळाला. मी कारखान्यात जाऊन ती एक ओळ बदलली, मशीन बंद करून चालू केलं आणि तिसऱ्या खणातलं सहावं ड्रॉइंग उघडलं. पंधरा सेकंद. ठीक आहे, पहिल्यांदा डिस्कवरून येणारच. पुन्हा उघडलं. एक सेकंद! पुन्हा. एक. मिस्त्रींना बोलावलं, त्यांच्यासमोर सात वेळा उघडलं. सातही वेळा एक. मिस्त्रींनी पडद्याचा फोटो काढला. मी गुणगुणत घरी आले. रविवारी सासूसासरे तासभर चालून आले; सासरे आल्या आल्या आडवे झाले, पण चेहरा समाधानी होता.

सोमवारी दहाला मॅनेजरबाई आल्या, फोनमधलं स्टॉपवॉच काढलं आणि म्हणाल्या, "खण अकरा, चौथं."

मी ऐटीत बटण दाबलं. ड्रॉइंग वरून खाली, पट्टी पट्टीनं, लाजत लाजत उतरू लागलं.

"पंधरा," बाई म्हणाल्या. "खण दोन, नववं."

"चौदा," त्या म्हणाल्या. "जरा सुधारणा आहे."

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. कुठे गेली गुंडाळी? आणि मग लख्ख दिसलं. मशीन बंद करून चालू केलं, म्हणजे टेबल कोरं झालं. त्या कोऱ्या टेबलावर मी एकच ड्रॉइंग ठेवलं, तेच दहा वेळा उचललं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. टेबलावर दोनशे चाळीस मावतात खरी, पण ती कपाटातून काढून कुणीतरी आणायला हवीत ना! रोज काढणारा एक माणूस होता, त्याला मी घरी पाठवून चालायला लावलं होतं.

"मॅडम," मी म्हटलं, "उरलेली आठ दीड तासानं बघाल? आत्ता टेबल रिकामं आहे."

"कुठलं टेबल?"

"ते सांगायला पण दीड तास लागेल."

बाईंनी क्षणभर विचार केला. "मला फाउंड्रीत जायचंच आहे. साडेअकराला येते. पण ही दोन मी धरणार, हं."

मी सासऱ्यांच्या मोबाइलवर फोन लावला. सासूबाईंनी उचलला. मागे रस्त्याचा आवाज.

"आई, कुठे आहात?"

"चालतोय. दुसरी खेप. सकाळी पाऊण तासच झाला होता. तास पुरा झाल्याशिवाय आज कारखाना नाही."

"बाबांना गाडीत बसवा आणि लगेच कारखान्यात पाठवा. त्यांना खण उघडायचेत."

"कसले खण? ते कपाट भंगारात गेलं ना?"

"कॉम्प्युटरवरचे. रोज सकाळी उघडायचे तसे."

माझ्या तोंडून निघून गेलं. पलीकडे फक्त दोन माणसांच्या धापा ऐकू येत होत्या.

"रोज सकाळी?" सासूबाई म्हणाल्या. मग फोन तोंडापासून दूर गेला, पण ऐकू येत होतं. "अहो. जरा इकडे बघा."

दोघंही आले. बुटांसकट. सासरे खुर्चीत बसले, पाठ ताठ केली आणि खण एक उघडला. सासूबाई स्टुलावर बसल्या. एवढ्या वर्षांत त्या या खोलीत पहिल्यांदा आल्या होत्या, आणि रागावायचं पुढे ढकलून त्यांनी आधी सगळं बघून घ्यायचं ठरवलं असावं.

"हे काय?" पडद्याकडे बोट.

"पंप."

"आणि हे?"

"पंप."

"मगाचाच दिसतोय."

"ह्याचा पंखा डावा आहे."

"आणि हे?"

"हा मी काढलेला. ह्याच्या वेळी तुला ताप होता, म्हणून दोन दिवस उशीर झाला."

सासूबाईंनी मान वाकडी करून ते ड्रॉइंग जरा जास्त वेळ बघितलं.

हेच काम चार ओळींची आज्ञा लिहून मशीनकडून करून घेता आलं असतं, हे मला ते सातवा खण उघडत होते तेव्हा सुचलं. स्वतःच्या बुद्धीची कीव आली. पण त्यांच्या ताठ पाठीकडे बघितलं आणि तोंडात आलेलं गिळून टाकलं. चार ओळी काय, नंतरही लिहिता येतील. मी नुसती मेमरी भरताना बघत बसले. तीन जीबी. पाच. आठ. आणि यावेळी मागचं काहीही बाहेर पडत नव्हतं.

साडेअकराला बाई आल्या तेव्हा चोविसाव्या खणातलं नववं ड्रॉइंग उतरत होतं. "एक मिनिट," सासरे मागे न बघता म्हणाले. बाई थांबल्या. दहावं झालं. "आता बोला."

"खण अकरा, पहिलं."

बाईंचं बोट स्टॉपवॉचवर पोचायच्या आत ड्रॉइंग समोर होतं. त्यांनी फोन हलवून बघितला. खण पाच. खण वीस. खण चौदा. आठच्या आठ, दीड सेकंदाच्या आत. मिस्त्री म्हणाले, "आता चहा कधी प्यायचा?"

बाई हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या. "काका हे रोज करतात म्हणून चालतं? रोज करावं लागेल?"

खोटं बोलता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. "नाही," मी म्हटलं. "एकदा टेबलावर आली की मशीन बंद होईपर्यंत राहतात."

"आणि दहातली दोन हुकलीत. शिवाय मग काकांनी रोज इथे बसून करायचं काय?"

सासऱ्यांनी चष्मा पुसायला काढला. 

तेवढ्यात वॉचमन एका माणसाला घेऊन आला. त्या माणसानं पिशवीतून एक लोखंडाचा तुकडा काढला. पंपाच्या पंख्याचा, पुरता अर्धाही नाही, गंजलेला. नंबर नाही, पंपावरची पाटी कधीच गेलेली. असं गिऱ्हाईक आलं की मिस्त्री त्याला दोन दिवसांनी यायला सांगायचे. पंधरा-पंधरा सेकंदांनी दोनशे चाळीस ड्रॉइंगं कोण चाळत बसणार?

सासऱ्यांनी तुकडा हातात घेतला, तोलला, कडेवरून अंगठा फिरवला. मग उजव्या हातानं खण नऊ उघडला आणि चाळू लागले. एक सेकंद, पुढचं. एक सेकंद, पुढचं. कागद चाळावेत तसे. मधेच एकावर थांबले, मान हलवली, पुढे गेले. मला वाटतं, कपाट गेल्यापासून त्यांना असं चाळायला मिळालंच नव्हतं. रोजच्या फेरीत ते नुसती वाट बघत बसायचे. खण दहा. खण अकरा. खण बारामध्ये सातव्या ड्रॉइंगवर बोट थांबलं.

"हा. पण ह्याला कुणीतरी मधे दुसऱ्याच पंपाची पाती लावलीत. काय हो, तीन वर्षांपूर्वी दुरुस्ती केली होती का?"

"चार," तो माणूस म्हणाला आणि इकडेतिकडे बघू लागला, जणू कुणी त्याच्या घरचं बोलून गेलंय.

"पाणी तेव्हापासूनच कमी येतंय ना?"

"हो की!"

सासऱ्यांनी तुकडा हातात घेतला तेव्हा मॅनेजरबाईंनी लावलेलं स्टॉपवॉच अजून चालूच होतं. त्यांनी बघितलं, बंद केलं. एक मिनिट पन्नास. त्या खोलीभर नजर फिरवत म्हणाल्या, "इथे पॅकिंग नको ठेवायला. जागा अडचणीची आहे." आणि झरझर निघून गेल्या. खोली अडचणीची अजिबात नाही. पण कुणीही वाद घातला नाही.

त्या संध्याकाळी मी सासऱ्यांना चार ओळींचं सांगितलं. धीर करूनच. वाटलं, वाईट वाटेल त्यांना.

"म्हणजे मशीन आपलं आपण सगळी टेबलावर आणून ठेवेल?"

"हो. बंद होऊन चालू झालं की लगेच."

"मग लिही की, बाई! सात महिने बसलोय पंधरा-पंधरा सेकंद मोजत. डोळे फुटायची वेळ आली माझी." आणि मग जरा रागानंच, "आधी नाही का सांगायचं?"

"आधी विचारलंत का?"

आता ते साडेनऊला येतात आणि ड्रॉइंगं चाळतात. आता नुसतं आहे की नाही हे बघत नाहीत, बरोबर आहे की नाही हे बघतात. पहिल्या पंधरवड्यात त्यांनी चुकांची यादी केली. अकरा निघाल्या. दहा दुसऱ्यांच्या होत्या आणि त्या त्यांनी मोठ्या आवाजात वाचून दाखवल्या. अकरावी वाचली नाही. यादी माझ्या हातात दिली. शेवटची ओळ होती: "खण ६, तिसरं. मधलं भोक दोन मिलिमीटरनं लहान. चूक माझी." खाली तारीख घातली होती, ड्रॉइंग काढलं तेव्हाची. एकतीस वर्षांपूर्वीची.

"मिस्त्रीला मीच सांगतो," ते म्हणाले आणि वर्कशॉपमध्ये गेले. मी मागोमाग. असं काही चुकवायचं नसतं.

मिस्त्री नेमका सहाव्या खणातल्या त्याच पंपाचा भाग करत होते. सासऱ्यांनी घसा खाकरला आणि सगळं सांगितलं. भोक, दोन मिलिमीटर, एकतीस वर्षं.

"ते होय?" मिस्त्री म्हणाले आणि हातातली गोल कानस दाखवली. "आम्ही कानस मारतो की. भाग झाला की शेवटी दहा मिनिटं भोकाला कानस. माझ्या आधीचे मिस्त्री पण मारायचे. त्यांनीच शिकवलं मला, पहिल्याच आठवड्यात."

"एकतीस वर्षं कानस मारताय? ड्रॉइंग चुकलंय असं कुणालाच वाटलं नाही?"

"काका, खाली तुमची सही होती."

 सासऱ्यांनी मिस्त्रींच्या हातातून कानस घेतली, तिच्या दातांतली लोखंडाची भुकटी फुंकून उडवली आणि बाकावर ठेवली. "पुढच्या भागापासून नको मारू."

"बरं," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी भाग उचलून उजेडात धरला, भोकातून एक डोळा मिटून बघितलं आणि जरा खट्टू होऊन म्हणाले, "पण कानस मारल्याशिवाय हाच पंप आहे, असं वाटायचं नाही काका."